क्रूझसाठी ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्यावा का? क्लेम तपासणाऱ्या माणसाच्या नजरेतून

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दहा रात्रींची समुद्रातली क्रूझ, तुम्ही दोघं, मुलगी आणि तुमच्या एकाहत्तर वर्षांच्या आई. आईंना बीपी आहे आणि काही महिन्यांपूर्वी हृदयाची तपासणी होऊन गोळ्या बदलल्यात. बुकिंग करताना क्रूझ कंपनीनं स्वतःचा प्रोटेक्शन प्लॅन समोर ठेवला, टिक करायचा की नाही यावर तुम्ही अडलात. मित्र म्हणतो पैसे वाया, मला कधीच लागला नाही, आणि वर क्रेडिट कार्डावर फुकटचा इन्शुरन्स आहेच की. तर घ्यावा का?

आधी माझी बाजू सांगते म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. मी प्रवास विम्याच्या क्लेमच्या कामात बरीच वर्षं आहे. पॉलिसी विकत नाही, लोकांनी क्लेम टाकला की कागद तपासायचे, पैसे द्यायचे की नाही ते ठरवायचं, हे काम. त्यामुळे माझ्या टेबलावर फक्त बिघडलेल्याच ट्रिपा येतात, ज्यांची सहल झकास झाली ते मला कशाला फाइल पाठवतील. माझं मत ऐकताना तेवढी वजावट करून घ्या. तुमच्या मित्राचं नेमकं उलटं आहे, त्याला फक्त स्वतःच्या चांगल्या झालेल्या ट्रिपा दिसतात, तर तिकडेही तेवढीच वजावट करा.

आता मुद्दा. तुम्ही प्रश्न एक विचारलाय पण त्यात दोन दडलेत. एक म्हणजे ट्रिप रद्द करावी लागली तर भरलेले पैसे बुडतील त्याचं काय. दुसरा, समुद्रावर असताना कोणी आजारी पडलं, पडझड झाली, तर तो खर्च कोण उचलणार. सगळे जण पहिल्यावरच तासन् तास बोलतात कारण तिकिटाचा आकडा डोळ्यासमोर असतो. पण पहिल्या नुकसानाला छत आहे, भरले त्यापेक्षा जास्त पैसे बुडूच शकत नाहीत, वाईट वाटेल पण माणूस त्यातून उठतो. दुसऱ्याला छत नाही. म्हणून मी लोकांना सांगते की आजारपणाचा भाग जवळजवळ सगळ्यांनी घ्या, रद्दीचा भाग मात्र हिशेब करून घ्या किंवा सोडा, दोन्ही चालतं. आणि हे दोन भाग एकाच पॅकेटात विकले जातात म्हणून गोंधळ होतो.

जहाजावर दवाखाना असतो, आणि मोठ्या जहाजांवर तो चांगला असतो, उगीच नावं ठेवणार नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स या संस्थेनं क्रूझ जहाजांवरच्या वैद्यकीय सोयींसाठी मार्गदर्शक सूचना केलेल्या आहेत आणि मोठ्या कंपन्या त्या पाळतात, म्हणजे डॉक्टर-नर्स, ईसीजी, डिफिब्रिलेटर, एक्स-रे, साध्या रक्त तपासण्या, व्हेंटिलेटर एवढं असतं. पण तो दवाखाना माणसाला स्थिर करून किनाऱ्यावर पोचेपर्यंत टिकवण्यासाठी आहे. अँजिओप्लास्टी तिथं होत नाही, खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन तिथं होत नाही. आणि तो खासगी आहे. तपासणीचे, सलाईनचे, निरीक्षणाखाली ठेवलेल्या रात्रीचे पैसे तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतात, जिथं तुमचे कॉफीचे आणि वायफायचे पैसे चढतात त्याच खात्यावर, आणि उतरायच्या आधी ते भरावे लागतात. इन्शुरन्स असला तरी बहुतेक वेळा आधी तुम्ही भरता आणि नंतर क्लेम करून परत मिळवता, त्यामुळे कार्डावर तेवढी मर्यादा मोकळी ठेवा.

"पण आमचा घरचा आरोग्य विमा आहे ना" असं बरेच जण म्हणतात. जहाज कुठून सुटतं याला इथं फारसा अर्थ नाही. बरीचशी क्रूझ जहाजं बहामास, पनामा, माल्टा, बर्म्युडा अशा झेंड्यांखाली चालतात आणि बऱ्याच विमा योजनांच्या दृष्टीनं तुम्ही जहाजावर चढलात की परदेशात गेलात. अमेरिकेतल्या मेडिकेअरचंच घ्या, म्हणजे तिथल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं, जहाज अमेरिकेच्या बंदरात असेल किंवा बंदरापासून ६ तासांच्या आत असेल तरच जहाजावरच्या उपचारांचा विचार होतो, त्यापुढे नाही. ब्रिटनच्या लोकांना परदेशात सरकारी उपचारांसाठी मिळणाऱ्या जीएचआयसी कार्डात मायदेशी परत आणण्याचा खर्च येत नाही आणि क्रूझवरचे उपचारही बऱ्याचदा त्यात बसत नाहीत. ऑस्ट्रेलियाचं सरकार तर आपल्या लोकांना सांगतं की जहाज आपल्याच पाण्यात असलं तरी मेडिकेअर (तिथल्या सरकारी आरोग्य योजनेचंही नाव हेच) धरून चालू नका. त्यामुळे तुमच्या घरच्या पॉलिसीला दोनच गोष्टी विचारा, जहाजावरचा डॉक्टर चालतो का, आणि तिथून हलवायचा खर्च देता का. दुसऱ्याला बहुधा नाही असं उत्तर येतं.

हलवणं म्हणजे इव्हॅक्युएशन, आणि खरा पैसा तिथंच जातो. लोकांच्या डोळ्यासमोर हेलिकॉप्टर येतं, दोरीनं वर ओढलेलं स्ट्रेचर वगैरे. तसं होतं कधीकधी, पण हेलिकॉप्टरला पल्ल्याची मर्यादा असते, रात्री किंवा वाऱ्यात हलत्या डेकवरून पेशंट उचलणं धोक्याचं असतं, म्हणून पुष्कळदा कॅप्टन आणि डॉक्टर ठरवतात की जहाजच वेगानं जवळच्या बंदराकडे न्यायचं. आणि गंमत अशी की तटरक्षक दलानं केलेल्या सुटकेचं बिल पुष्कळदा येतच नाही, अमेरिकन कोस्ट गार्ड तर बचावाचे पैसे घेत नाही. खर्च सुरू होतो तो त्यानंतर. तुम्हाला उतरवलं जातं एखाद्या छोट्या बेटावर, तिथलं हॉस्पिटल दाखल करायच्या आधी डिपॉझिट मागतं, तिथं कार्डिॲक विभाग नाही म्हणून मोठ्या शहरात न्यायचं ठरतं, आणि त्यासाठी लागते आयसीयूची सोय असलेली एअर ॲम्ब्युलन्स, सोबत डॉक्टर आणि नर्स. दुर्गम भागातून चांगल्या हॉस्पिटलला असं हलवायचा खर्च १,००,००० डॉलरच्या वर जाऊ शकतो हे अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था प्रवाशांना सांगते, आणि माझ्या कामाच्या अनुभवावरून त्यात मला जराही अतिशयोक्ती वाटत नाही. जहाज दरम्यान पुढे निघून गेलेलं असतं. तुमच्या सोबत उतरलेल्या माणसाचं हॉटेल, नवीन विमानाचं तिकीट, कधी व्हिसाची भानगड, हे सगळं वेगळंच.

म्हणून पॉलिसी बघताना मी सगळ्यात आधी मेडिकलचा आणि इव्हॅक्युएशनचा आकडा बघते, बाकी नंतर. साधारण समुद्री क्रूझला उपचारांसाठी किमान १,००,००० डॉलर आणि हलवण्यासाठी २,५०,००० डॉलर हा माझा स्वतःचा अंदाज आहे, नियम नाही. अंटार्क्टिकासारख्या ठिकाणी जाणार असाल तर त्याहून जास्त, तिकडचे ऑपरेटर इव्हॅक्युएशन कव्हर असल्याशिवाय चढूच देत नाहीत बहुतेक, आणि त्यांचं बरोबर आहे. उलट नदीतली क्रूझ असेल तर किनारा कायम दिसत असतो, हॉस्पिटल रस्त्यानं गाठता येतं, तिथं हा धोका पुष्कळच कमी. तिकडे त्रास वेगळा, युरोपातल्या ऱ्हाइन नदीचं पाणी फार उतरलं की जहाज चालत नाही आणि तुम्हाला बसनं फिरवतात, २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात तसं झालेलं आहे. पण तुमची समुद्राची आहे म्हणून हे सोडून देऊ.

इव्हॅक्युएशनच्या कलमात एक ओळ नीट वाचा. बहुतेक पॉलिसी म्हणतात की "जवळच्या योग्य त्या हॉस्पिटलपर्यंत" नेऊ. म्हणजे तुमच्या गावच्या तुमच्या डॉक्टरकडे नाही, आणि योग्य कुठलं हे विमा कंपनीचे डॉक्टर ठरवणार. काही महाग प्लॅनमध्ये तुमच्या पसंतीच्या हॉस्पिटलला नेण्याची सोय असते. दुसरं म्हणजे आधी परवानगी घ्यावी लागते. पॉलिसीवर चोवीस तासांचा मदत क्रमांक असतो, त्यावर फोन न करता घरच्यांनी घाबरून स्वतःच एअर ॲम्ब्युलन्स ठरवली तर त्या बिलाचा क्लेम फार अडचणीत येतो. मी अशा फाइल बघितल्यात, लोक खोटं काही बोलत नव्हते, आजारही खरा, पण परवानगीच नाही. फोन जहाजाच्या दवाखान्यातूनही करता येतो, डॉक्टरांना सांगा, त्यांना हे रोजचं असतं.

आता एक गोष्ट जी लोकांना उलटी वाटते. क्रूझच्या बातम्या आठवतात त्या सगळ्या मोठ्या संकटाच्या. २०१३ च्या फेब्रुवारीत कार्निव्हल ट्रायम्फच्या इंजिन रूमला आग लागली, मेक्सिकोच्या आखातात जहाज बंद पडून लोटत राहिलं, शेवटी ओढून अलाबामातल्या मोबाइल बंदरात आणलं. २३ मार्च २०१९ ला व्हायकिंग स्काय नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात बंद पडलं, जहाजावर १,३७३ माणसं होती, त्यातल्या ४७९ जणांना हेलिकॉप्टरनं उचललं. हे वाचून लोक इन्शुरन्स घेतात. पण अशा वेळी सगळं जग बघत असतं आणि कंपनी पुढे येते, ट्रायम्फच्या प्रवाशांना तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर ५०० डॉलर दिले गेले. अमेरिकेच्या बंदरातून सुटणारी क्रूझ रद्द झाली किंवा चढायलाच ३ दिवस किंवा जास्त उशीर झाला तर रिफंड मागता येतो असा तिकडचा २०२२ चा नियमही आहे. म्हणजे जहाज बिघडलं तर बहुधा कोणीतरी देणारं असतं, तुम्ही बिघडलात तर कोणी नसतं. माझ्याकडे येणाऱ्या फाइल ओल्या डेकवर घसरून मोडलेल्या हाडांच्या असतात, छातीत दुखण्याच्या, न्यूमोनियाच्या, पोटाच्या इन्फेक्शनमुळे केबिनमध्ये कोंडून ठेवलेल्यांच्या. यातलं काही बातमीत येत नाही.

पुढे, रद्दीचा भाग. यासाठी बुकिंगच्या अटींमध्ये जाऊन दंडाची टप्प्याटप्प्यांची यादी काढा, प्रत्येक कंपनीची वेगळी असते. साधारण नमुना असा असतो की उरलेली सगळी रक्कम निघायच्या दोन-चार महिने आधी भरावी लागते, तोपर्यंत रद्द केलंत तर फार तर डिपॉझिट जातं, नंतर अर्धे, नंतर पाऊण, आणि शेवटच्या दोन ते चार आठवड्यांत सगळेच्या सगळे. त्यात तुम्ही वेगळं बुक केलेलं विमान, आधीच्या रात्रीचं हॉटेल, न परतावा होणाऱ्या सहली मिळवा. जी बेरीज येईल ती गेली तर तुमच्या घरात काय होईल हा प्रश्न स्वतःला विचारायचा. वर्षभराचं गणित कोलमडणार असेल तर घ्या. चुटपुट लागेल पण पुढच्या महिन्यात विसराल एवढीच रक्कम असेल तर हा भाग सोडला तरी मी तुम्हाला वेडं म्हणणार नाही. सगळं धरून असलेल्या पॉलिसीचा प्रीमियम ट्रिपच्या खर्चाच्या साधारण ४ ते १० टक्के असतो आणि वय वाढलं की झपाट्यानं चढतो, त्यातला बराच वाटा या रद्दीच्या भागाचा असतो. काही ठिकाणी फॉर्ममध्ये ट्रिपची किंमत शून्य टाकली की रद्दीचा भाग गळून पडतो आणि फक्त मेडिकल आणि इव्हॅक्युएशन राहतं, प्रीमियम एकदम खाली येतो. ही सोय विकणारा स्वतःहून सांगत नाही सहसा.

रद्दी कव्हर आहे म्हणजे मनात आलं की रद्द करून पैसे परत, असं मात्र नाही. पॉलिसीत कारणांची यादी असते. आजार, अपघात, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, घराला आग किंवा पूर अशी. साहेबांनी रजा नाकारली, व्हिसा मिळाला नाही, बातम्या बघून भीती वाटली, मुलीची परीक्षा पुढे ढकलली गेली, ही कारणं बहुतेक यादीत नसतात. यासाठी काही देशांत "कुठल्याही कारणानं रद्द" असा वाढीव पर्याय मिळतो. तो बराच महाग असतो, पहिलं डिपॉझिट भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांत घ्यावा लागतो, निघायच्या ४८ तास आधी रद्द करावं लागतं, आणि एवढं करून परत मिळतात ५० ते ७५ टक्के. ज्यांच्या घरात खरोखर काही ठरलेलं नाही त्यांना उपयोगी आहे, नाहीतर मी सुचवत नाही.

आणि हो, वेळेचं एक. विमा माहीत नसलेल्या गोष्टीचा असतो. अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यात एखाद्या वादळाला नाव मिळालं की ते सगळ्यांना माहीत झालेलं संकट धरलं जातं, त्यानंतर घेतलेली पॉलिसी त्या वादळासाठी उपयोगाची नाही. संप, युद्ध, साथ सगळ्यांना हाच न्याय. त्यामुळे घ्यायची तर डिपॉझिट भरल्यावर लगेच घ्या, शेवटच्या आठवड्यात घेऊन तुम्ही रद्दीचा निम्मा फायदा आधीच घालवलेला असतो.

क्रूझ कंपनीच्या त्या टिकच्या चौकोनाबद्दल. तो अगदी टाकाऊ नाही, घ्यायला सोपा आहे, वयानुसार दर फारसा बदलत नाही म्हणून वयस्कर माणसांना कधीकधी स्वस्तही पडतो, ते तपासाच. पण त्यात तीन गोष्टी मला खटकतात. मेडिकल आणि इव्हॅक्युएशनचे आकडे बऱ्याचदा तोकडे असतात, म्हणजे जिथं छत नाही तिथंच कव्हर कमी. "कुठल्याही कारणानं" रद्द केलं तर रोख पैसे न देता पुढच्या क्रूझसाठी क्रेडिट देतात. आणि तुम्ही बाहेरून घेतलेलं विमान, हॉटेल त्यात धरत नाहीत. याशिवाय कंपनीच बुडाली तर? २०२२ च्या जानेवारीत क्रिस्टल सिंफनी मायामीला यायचं होतं, इंधनाच्या थकलेल्या बिलांवरून अमेरिकन कोर्टानं जहाज जप्त करायचा आदेश काढला, तर जहाज वळून बहामासमधल्या बिमिनीला गेलं आणि प्रवाशांना तिथून फेरीनं फ्लोरिडाला आणावं लागलं. मूळ कंपनी आर्थिक अडचणीत गेलेली होती. दिवाळखोरीचं कव्हर बाहेरच्या काही पॉलिसींमध्ये असतं, त्यालाही मुदतीच्या अटी असतात, पण जी कंपनी बुडाली तिच्याच प्लॅनकडे ते मागायला जाणं म्हणजे आग लागलेल्या घरात पाणी शोधायला जाण्यासारखं आहे.

क्रेडिट कार्डाचं कव्हर फुकट असतं म्हणून लोक ते वाचतच नाहीत. ट्रिपचे पैसे त्याच कार्डावरून भरलेले असावे लागतात, सोबतचे नातेवाईक धरलेत का ते बघावं लागतं, वयाची मर्यादा असू शकते, आणि बहुतेक कार्डांचा भर रद्दी, उशीर, सामान यावर असतो. उपचार आणि हलवणं एकतर नसतं किंवा नावापुरतं. तुमच्या आई त्यात बसतात का हे विचारा, मला शंका आहे. वर्षभराची ट्रॅव्हल पॉलिसी असेल तर तिथंही क्रूझ वेगळी जोडावी लागते का बघा, कित्येक ठिकाणी ते ॲड-ऑन असतं आणि न जोडता गेलात तर जहाजावरचं काहीच मिळत नाही.

आईंबद्दल जरा सविस्तर, कारण तुमच्या केसमध्ये सगळं इथं अडकलंय.

आधीपासूनचा आजार हे क्लेम नाकारला जाण्याचं एक फार मोठं कारण आहे. काही देशांत पद्धत अशी की पॉलिसी घेतल्याच्या दिवसापासून मागे ६० ते १८० दिवस बघतात, त्या काळात नवीन निदान, नवी तपासणी, गोळीत किंवा डोसमध्ये बदल झाला असेल तर तो आजार स्थिर नाही असं धरतात आणि त्यातून उद्भवलेलं काहीही देत नाहीत. इथं लोक फसतात कारण घरच्यांच्या मते गोळी बदलली म्हणजे तब्येत सुधारली, डॉक्टरही खूश, आणि पॉलिसीच्या भाषेत मात्र ती गोष्ट अस्थिर ठरते. डोस कमी केला तरी तो बदलच. अशाच देशांतल्या बऱ्याच पॉलिसींमध्ये ही अट माफ करून घेता येते, पण त्यासाठी पहिलं डिपॉझिट भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांत पॉलिसी घ्यावी लागते, ट्रिपची पूर्ण न परतावा होणारी किंमत त्यात दाखवावी लागते, आणि घेताना माणूस प्रवासाला फिट असावा लागतो. तुम्ही डिपॉझिट कधी भरलं ते लिहिलेलं नाही, तारीख आजच बघा. मुदतीत असाल तर वर मी किंमत शून्य टाकायची म्हणाले ते आईंच्या बाबतीत विसरा, कारण किंमत शून्य टाकली तर बहुतेक ठिकाणी ही माफी मिळत नाही.

दुसऱ्या काही देशांत मागे बघत नाहीत, सरळ प्रश्नावली असते, सगळे आजार सांगायचे आणि त्यावर ते जादा प्रीमियम लावतात किंवा एखादा आजार वगळतात. तिथं काहीही लपवू नका. एखादी तपासणी सांगितलेली आहे पण अजून केली नाही, रिपोर्ट यायचा बाकी आहे, हेही सांगावं लागतं. क्लेम आला की आम्ही पहिली गोष्ट करतो ती म्हणजे फॅमिली डॉक्टरकडचे जुने कागद मागवतो, त्यामुळे बीपी लपवून हृदयाचा क्लेम मिळेल अशी आशा ठेवू नका, आणि न सांगितल्यावरून पूर्ण पॉलिसीच रद्द होऊ शकते. जादा प्रीमियम बघून अंगावर काटा येतो मान्य आहे, पण आईंच्या बाबतीत ज्या गोष्टीची खरी भीती आहे तीच वगळून स्वस्त पॉलिसी घेतली तर ती कशासाठी घेतली?

अजून एक बाजू फार कमी लोकांच्या लक्षात येते. प्रवासाला न येणाऱ्या नातेवाइकाच्या आजारपणामुळे तुम्ही ट्रिप रद्द केलीत, समजा घरी राहिलेले सासरे, तर त्यांचाही आधीपासूनचा आजार तपासला जातो. त्यामुळे कव्हर बघताना घरी कोण कोण म्हातारं-आजारी आहे त्यांचाही विचार करा.

जहाज चुकण्याबद्दल तुम्ही विचारलं नव्हतं तरी सांगते. जहाज थांबत नाही. विमानाला उशीर होऊन जहाज चुकलं तर पॉलिसी पुढच्या बंदरापर्यंत पोचायचा खर्च देते पण ठरावीक तासांचा उशीर झाला असेल तरच, कुठं ३ तास, कुठं ६, कुठं १२, आणि वरची रक्कमही मर्यादित. याच्यापेक्षा एक दिवस आधी बंदराच्या शहरात पोचून राहा, कुठल्याही पॉलिसीपेक्षा हे भारी. बंदरावर उतरून स्वतःच्या स्वतः फिरायला गेलात आणि उशीर झाला तर मात्र बहुतेक पॉलिसी हात वर करतात. २०२४ च्या मार्चमध्ये साओ टोमे बेटावर आठ प्रवासी खासगी टूरवरून उशिरा परतले, जहाज समोर दिसत असूनही त्यांना चढता आलं नाही, मग देश बदलत बदलत त्यांनी सेनेगलमध्ये ते जहाज गाठलं. कंपनीच्या स्वतःच्या टूरवर असाल तर उशीर ही त्यांची जबाबदारी, म्हणून लांबच्या ठिकाणी, एकच रस्ता असलेल्या ठिकाणी जायचं तर मी कंपनीची टूर घ्या म्हणेन, महाग असली तरी.

एखादं बंदर हवामानामुळे गाळलं तर तिकिटाच्या करारात कंपनीला तशी मुभा असते, तुम्हाला फार तर त्या बंदराचे कर परत मिळतात. काही पॉलिसी त्यासाठी छोटी ठरावीक रक्कम देतात. त्या रकमेसाठी पॉलिसी निवडू नका. सामानाच्या कव्हरचंही तेच.

कागदांबद्दल थोडं, कारण खरा क्लेमसुद्धा कागदावाचून लटकतो. जहाजाच्या दवाखान्यातून निदान लिहिलेला रिपोर्ट आणि बाबवार बिल दोन्ही घ्या, केबिनच्या खात्यावर नुसतं "मेडिकल" आणि आकडा एवढं पुरत नाही. उतरण्याआधीच मागा, नंतर मेल करून मिळवताना महिने जातात. केबिनमध्ये वेगळं ठेवलं तर किती तारखेपासून किती तारखेपर्यंत हे डॉक्टरांच्या सहीनं घ्या. उशीर झाला तर विमान कंपनीकडून कारणाचं पत्र. दारू पिऊन पडलं असा शेरा रिपोर्टमध्ये असेल तर क्लेम जवळजवळ गेलाच समजा, आणि स्कूटर, डायव्हिंग अशा गोष्टी करणार असाल तर त्या पॉलिसीत आहेत का ते जायच्या आधी बघा, तिथं उभं राहून नाही.

तर तुमच्या बाबतीत माझं उत्तर. तुम्ही दोघं आणि मुलगी यांच्यासाठी मेडिकल आणि इव्हॅक्युएशन घ्याच, रद्दीचा भाग तुमच्या बेरजेवर सोडा. आईंसाठी पूर्ण पॉलिसी, बाहेरच्या कंपनीची, आधीपासूनचा आजार धरून, आणि त्या आजारी पडल्या तर तुम्ही तिघंही बहुधा जाणार नाही, त्यामुळे रद्दीचा हिशेब करताना एका तिकिटाचा करू नका, चारही तिकिटांचा करा, आणि त्यांच्या आजारामुळे तुमच्या तिघांची रद्दी कव्हर होते का हे तुमच्या पॉलिसीत बघा. त्यांना कोणीच वाजवी दरात कव्हर देत नसेल तर क्रूझ कंपनीच्या प्लॅनची तुलना करा, तोही तोकडा निघाला तर किनाऱ्याच्या जवळून जाणारी, रोज बंदर असलेली क्रूझ बघा असं मी म्हणेन.

पैसे भरायच्या आधी विमा कंपनीला लेखी दोन प्रश्न पाठवा. आईंच्या सध्याच्या गोळ्यांची नावं आणि डोस बदलल्याची तारीख लिहून, हृदयाशी संबंधित त्रास जहाजावर झाला तर उपचार आणि हलवणं दोन्ही मिळेल का. आणि त्याच कारणानं निघायच्या आधी रद्द करावं लागलं तर चौघांचेही पैसे मिळतील का. फोनवर कोणी "हो हो सगळं कव्हर आहे" म्हणालं तर त्यांना तेच ईमेलवर लिहून द्यायला सांगा, आणि लिहून द्यायला टाळाटाळ केली तर दुसरी कंपनी बघा. पॉलिसी हातात आल्यावर काही ठिकाणी १०-१५ दिवस ती परत करून पूर्ण पैसे घ्यायची मुभा असते, त्या दिवसांत ती एकदा शांतपणे वाचा, वगळलेल्या गोष्टींच्या पानापासून सुरुवात करून.